झटक्याची वीज: पळसदेवच्या बांधापासून ट्रॉम्बेपर्यंत

बांधावरची टकटक

पुणे-सोलापूर महामार्ग सोडून पळसदेवहून उजनीच्या बॅकवॉटरकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो, मधूनमधून मका. उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं, तर जुन्या गावातलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं आणि ते पाहायला लोकांची रीघ लागते. या लेखात मात्र मंदिराकडे न जाता अलीकडच्या बांधावर थांबायचं आहे. दिवेलागणीनंतर मोटारी बंद असल्या की तिथे एक बारीक आवाज ऐकू येतो. टक्… टक्… टक्… साधारण सेकंदाला एक.

एका खांबावर डबा, डब्यावर हातभर सोलर पॅनेल, खाली बॅटरी आणि डब्यातून निघून शेताला वेढा घालणारी तार. हे झटका मशीन. रानडुकरांनी एका रात्रीत मक्याचा फड आडवा केला की दुसऱ्या दिवशी ज्याची चौकशी होते, तेच.

मोटारसायकलच्या बॅटरीएवढ्या बॅटरीवर हे यंत्र रात्रभर चालतं. तरीही तारेला नाक लागताच सत्तर-ऐंशी किलोचं डुक्कर उलटं फिरून पळतं, आणि सहसा जिवंत पळतं. एवढ्याशा बॅटरीत हा जोर कुठून येतो, आणि जोर आहे तर जीव का जात नाही? या दोन प्रश्नांच्या उत्तरातून एक अख्खी तंत्रविद्या उलगडते. इंग्रजीतून आलेलं तिचं नाव पल्स्ड पॉवर. पाठ्यपुस्तकं तिला 'स्पंदित शक्ती' म्हणतील. मला आपल्याकडचा 'झटका' हा शब्दच जास्त नेमका वाटतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं प्रचंड यंत्र आणि बांधावरचा हा डबा एकाच कुळातले आहेत.

हौद आणि बूच

ठिबक येण्यापूर्वीची शेती आठवा. विहिरीला पाणी कमी, मोटारीची धार करंगळीएवढी. ती थेट पाटात सोडली तर शेवटच्या सरीपर्यंत पोचतच नाही. जमीन ती वाटेतच पिऊन टाकते. मोटार दिवसभर चालते आणि टोकाची सरी कोरडी ती कोरडीच. म्हणून जाणती माणसं ती धार रात्रभर हौदात साठवायची आणि पहाटे बूच काढायची. पाणी तेवढंच, थेंबभरही जास्त नाही. पण आता ते लोंढ्याने येतं आणि शेवटची सरी भिजवतं.

पल्स्ड पॉवरचं सगळं तत्त्व या हौदात आहे. वीज हळूहळू साठवायची आणि डोळ्याचं पातं लवायला लागणाऱ्या वेळाच्या हजाराव्या किंवा लाखाव्या हिश्श्यात सोडून द्यायची. विजेचा हौद म्हणजे कपॅसिटर, जो सिंगल फेज मोटारीच्या स्टार्टरपेटीत सगळ्यांनी पाहिलेला असतो. बूच म्हणजे स्विच. आणि ज्याच्यापर्यंत लोंढा पोचवायचा ती टोकाची सरी, तिला अभियंते 'लोड' म्हणतात. डुकराचं नाक, कॅन्सरच्या यंत्रातली नळी, मुतखडा असं काहीही लोड असू शकतं.

लोंढा लागतो कारण जगातल्या बऱ्याच गोष्टींना उंबरठा असतो. हवेतून ठिणगी पडायला दर सेंटिमीटरला सुमारे 30 हजार व्होल्टचा ताण लागतो. त्याच्या निम्म्या ताणावर वर्षभर वाट पाहिली तरी अर्धी ठिणगी पडत नाही. डुकराच्या राठ केसांतून आणि जाड कातडीतून वीज आत शिरायलाही असाच उंबरठा ओलांडावा लागतो. तिथे बारीक धार कितीही वेळ सोडली तरी उपयोग नाही.

आता झटका मशीनचा हिशेब. एका झटक्यात दोन ज्यूल ऊर्जा आहे असं धरू. सेकंदाला एक झटका, म्हणजे सरासरी दोन वॅट. हे झाले रात्रीच्या छोट्या एलईडी दिव्याएवढे. पण तेच दोन ज्यूल जर सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात बाहेर पडले, तर त्या क्षणापुरती शक्ती होते 10 हजार वॅट. तारेवरचा दाब पाच ते दहा हजार व्होल्टपर्यंत जातो. बॅटरी बारा व्होल्टचीच आणि ऊर्जा दोन ज्यूलच. आकुंचन पावला तो फक्त वेळ.

कपॅसिटरवर चालणारी अशी कुंपणं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये पुढे आली. तिथला प्रश्न गाई-मेंढ्या कुरणात रोखून धरण्याचा होता. आपल्याकडे जनावर बाहेर ठेवायचं असतं, एवढाच फरक.

वीस कोयना आणि एक कप चहा

ऊर्जा आणि शक्ती हे दोन शब्द आपण बोलताना सरमिसळ वापरतो. बोलण्यात ते चालतं, पण या विषयात फसायला होतं. ऊर्जा म्हणजे हौदात किती पाणी आहे ते. शक्ती म्हणजे ते किती वेगाने बाहेर पडतं ते. विजेचं बिल ऊर्जेचं येतं, युनिटमध्ये. शक्तीबद्दल वर्तमानपत्रात मथळे येतात.

ट्रॉम्बेच्या 'काली-5000' या यंत्राचंच पाहा. त्याचे ढोबळ आकडे असे: दाब सुमारे 10 लाख व्होल्ट, प्रवाह सुमारे 40 हजार ॲम्पिअर. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती येते 4 हजार कोटी वॅट, म्हणजे 40 हजार मेगावॅट. कोयना प्रकल्पाची सगळी क्षमता 1,960 मेगावॅट. म्हणजे वीस कोयना! पळसदेवला आपल्या धरणाचा अभिमान असला तरी उजनीचं वीजकेंद्र 12 मेगावॅटचं आहे, त्यामुळे त्याची तुलना इथे न केलेलीच बरी.

पण हा वीस कोयनांचा जोर टिकतो किती वेळ? सुमारे 100 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. त्या वेळाने शक्तीला गुणलं की ऊर्जा येते 4 हजार ज्यूल. अर्धा कप पाणी यावर तापवायला घेतलं तर ते दहाएक अंशांनी कोमट होईल. चहा काही होणार नाही. 'देशाकडे अमुक हजार मेगावॅटचं यंत्र आहे' असं कोणी सांगितलं, तर आधी विचारावं, किती वेळ?

आभाळातलं यंत्र

मराठीत तारेतल्या विजेला आणि आभाळातल्या विजेला एकच शब्द आहे. विज्ञानाच्या दृष्टीने तो अगदी रास्त आहे, कारण आभाळातली वीज हेच पल्स्ड पॉवरचं सर्वांत जुनं यंत्र. वळवाच्या दिवसांत दुपारभर तापलेल्या हवेतून ढग चढत जातो. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळत राहतात आणि ढगाच्या वेगवेगळ्या थरांत विद्युतभार साचतो. हा हौद भरायला बरीच मिनिटं लागतात. मग हवेचं बूच उडतं. खाली येणाऱ्या मुख्य झोताचा प्रवाह साधारण 30 हजार ॲम्पिअर असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो.

एका विजेत ढोबळमानाने 100 कोटी ज्यूल ऊर्जा असते असं मानलं जातं. भलामोठा वाटणारा हा आकडा युनिटमध्ये मांडला तर 280च्या आत येतो. पाच एचपीची मोटार त्यावर तीन-सव्वातीन दिवस चालेल. आभाळातली वीज पकडून गावाला उजेड देता येईल का, हा प्रश्न शाळेतली मुलं हमखास विचारतात. पकडता आली तरी फार काही हाती लागणार नाही, हे त्याचं उत्तर. तिची दहशत असते ती वेळेच्या आखूडपणात. त्या क्षणी झाडाच्या खोडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि साल फाटते, डीपीत शिरलेला झोत वेटोळ्यांचं आवरण जाळतो, आणि बाभळीखाली थांबलेला मेंढपाळ मेंढरांसकट जातो. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे ॲप दिलं आहे. आसपास वीज पडत असल्याची सूचना ते देतं. मे आणि जूनमध्ये ते फोनवर असायला हवं.

डीपीतलं रोहित्र अशा झोताला टिकेल की नाही, हे ते शेतावर बसवण्याआधी पाहावं लागतं. त्यासाठी प्रयोगशाळेत खोटी वीज पाडतात. 11 केव्हीच्या रोहित्राच्या नमुन्याला पाऊण लाख ते लाखभर व्होल्टचा झटका देतात. हा झटका सुमारे सव्वा मायक्रोसेकंदात चढतो आणि 50 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो. केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेच्या बेंगळुरू आणि भोपाळच्या प्रयोगशाळांत या कामाची यंत्रं आहेत. ही खोटी वीज बनवण्याची युक्ती शंभर वर्षांची आहे.

भरताना शेजारी, सोडताना डोक्यावर

ती युक्ती 1924 साली एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने मांडली. भांडवलशाहीवर लिहिणारे ते कार्ल मार्क्स वेगळे; या मार्क्सचं सगळं लक्ष उच्च दाबावर.

पुन्हा हौदाकडे येऊ. समजा दहा टाक्या जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. सगळ्या एकाच कमी दाबाच्या नळाने भरता येतात, कारण कोणतीच उंचावर नाही. आता त्या भरलेल्या टाक्या एका क्षणात एकमेकींच्या डोक्यावर चढवल्या तर? तळाला दहापट उंचीचा दाब मिळेल. पाण्याच्या टाक्यांबाबत हे शक्य नाही. कपॅसिटरबाबत आहे, आणि तेही काही हलवावं न लागता. मार्क्सच्या रचनेत कपॅसिटर समांतर जोडून भरतात. प्रत्येक दोघांमध्ये दोन धातूच्या गोळ्यांची फट असते. पहिल्या फटीत ठिणगी पडली की पहिले दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडले जातात, दाब दुप्पट होतो, त्या दाबाने पुढची फट पेटते, मग त्यापुढची. फटाक्यांच्या माळेसारखं हे धावत जातं आणि टोकाला लाखो व्होल्ट उभे राहतात. ठिणगी हीच तार, ठिणगी हेच बूच.

मोठ्या यंत्रांत काम इथे संपत नाही. मार्क्सचा झटका मायक्रोसेकंदांचा असतो. वैज्ञानिकांना तो आणखी दहापट आखूड हवा असतो. म्हणून तो दुसऱ्या, छोट्या पण अधिक वेगाने रिकाम्या होणाऱ्या हौदात ओततात आणि तिथून सोडतात. हा दुसरा हौद म्हणजे एकात एक बसवलेली धातूची नळकांडी. त्यातली एक नामांकित रचना ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. रडारसाठी विमानातून चाचण्या घेताना 1942 साली अपघातात तो गेला. पुढे 1960च्या दशकात ब्रिटनमधल्या ऑल्डरमास्टन इथे चार्ली मार्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मार्क्स आणि ब्लमलाइन यांचं लग्न लावून दिलं. आजची मोठी यंत्रं ही त्या संसाराची नातवंडं.

उजनीचं पाणी का चालत नाही

त्या नळकांड्यांमधल्या जागेत काय भरायचं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. हवा भरली तर दोन अडचणी येतात. दाब जास्त झाला की हवा फुटते. आणि लहर हवेतून प्रकाशाच्या वेगाने जात असल्यामुळे 100 नॅनोसेकंदांचा झटका घडवायला नळकांडं जवळजवळ 15 मीटर लांब लागतं.

यावर एक उत्तर आहे पाणी! पाण्यात विद्युतचुंबकीय लहर प्रकाशाच्या सुमारे एक नवमांश वेगाने चालते, म्हणून तेच काम पावणेदोन मीटरच्या नळकांड्यात होतं. शिवाय तेवढ्याच आकाराचा हौद हवेपेक्षा ऐंशी पट वीज साठवतो. ओल्या हाताने बटणाला हात लावू नये असं लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला पाणी आणि दहा लाख व्होल्ट एकत्र असण्याची कल्पना भयानक वाटते. पण वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. ते काढून टाकलेलं अतिशुद्ध पाणी चांगला अटकाव करतं, निदान काही मायक्रोसेकंद तरी. म्हणूनच पाण्याचा हौद झटपट भरून झटपट रिकामा करावा लागतो. रेंगाळलं की फुटतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या अल्बुकर्क इथे सँडिया प्रयोगशाळेत 'झी' नावाचं यंत्र आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य पल्स्ड पॉवर यंत्रांमध्ये ते मोडतं, आणि त्याचे मोठे भाग तेलाच्या आणि शुद्ध पाण्याच्या हौदांत बुडवलेले आहेत. त्यातून सुमारे 2 कोटी 60 लाख ॲम्पिअरचा प्रवाह निघतो. साठवलेली ऊर्जा मात्र साडेपाच-सहा युनिट, म्हणजे एखाद्या घराचा दिवसभराचा वापर.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पोटात घेऊन आलेलं उजनीचं पाणी या कामाला बिलकूल चालणार नाही. पिण्यालाही ते कितपत चालतं, हा वेगळा आणि जास्त तातडीचा विषय.

दुसरं एक उत्तर ऐकून आजीबाई खूश होतील: एरंडेल. झटक्याच्या कपॅसिटरमध्ये एरंडेल तेल वापरण्याची जुनी पद्धत आहे, कारण साध्या खनिज तेलापेक्षा ते जास्त वीज साठवू देतं. आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे.

बूच हीच खरी डोकेदुखी

पल्स्ड पॉवरचे जाणकार कार्यशाळेसाठी जमले की चर्चा कुठे अडते, याचा अंदाज करायला अवघड नाही. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद 1976 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या लबक इथे पहिल्यांदा भरली. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि विशाखापट्टणमची भाभा केंद्रं, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा असा या विषयाचा गोतावळा आहे. हौद कसा भरायचा यावर फारसं दुमत नसतं. घोळ बुचाचा असतो.

कारण या बुचाकडून परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. बंद असताना लाखो व्होल्टला एक थेंबही गळू नये. उघडायचं तर नॅनोसेकंदांत पूर्ण उघडावं. हजारो ॲम्पिअर गेले तरी वितळू नये. आणि हे लाखो वेळा, एकाच तालात. ठिणगीच्या फटीचं बूच पहिल्या तीन गोष्टी छान करतं, पण प्रत्येक ठिणगी गोळ्यांचा पृष्ठभाग थोडा खाते आणि फटीतला वायू पुन्हा थंड व्हायला वेळ लागतो. म्हणून मोठी यंत्रं एक झटका देतात आणि बराच वेळ दम खातात. वैज्ञानिक प्रयोगाला ते चालतं. कारखान्यात सेकंदाला शेकडो झटके हवे असतात.

त्यामुळे सध्याचा ओढा घन पदार्थांच्या स्विचकडे आहे. झटका मशीनमध्ये नखाएवढा थायरिस्टर हेच काम वर्षानुवर्षं बिनतक्रार करतो, पण तो हजारभर व्होल्टच्या आतबाहेर. मोठ्या दाबासाठी असे अनेक स्विच रांगेत लावावे लागतात आणि ते सगळे एकाच क्षणी उघडावे लागतात. एक जरी मागे राहिला तरी सगळा दाब त्याच्यावर येतो आणि तो मरतो. बैलगाडा शर्यतीत एक बैल अडला की बाकीच्यांचं काय होतं, ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच जास्त दाब सोसतात आणि लवकर उघडतात, म्हणून त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा आहे.

महाराष्ट्रात हे काम कुठे होतं

'काली' या नावाने अफवांचं पीक भरपूर आलं आहे. शत्रूची क्षेपणास्त्रं जाळणारा गुप्त किरण वगैरे वर्णनं समाजमाध्यमांवर फिरत असतात. नाव देवीचं वाटतं, पण ते 'किलो ॲम्पिअर लिनिअर इंजेक्टर' याचं लघुरूप आहे. 1985 साली डॉ. राजगोपाल चिदंबरम यांनी ही कल्पना मांडली, 1989पासून काम सुरू झालं आणि काली-5000 हे यंत्र 2004च्या अखेरीस उभं राहिलं. त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो. तो धातूवर आदळला की क्ष-किरणांचा लखलखाट होतो. त्या उजेडात अतिवेगवान वस्तूचा आतला फोटो गोठवून घेता येतो. त्याच झोतातून शक्तिशाली मायक्रोवेव्ह लहरीही निघतात. विमान किंवा उपग्रहातली इलेक्ट्रॉनिक्स अशा माऱ्यापुढे टिकतील का, हे त्यांच्या मदतीने तपासता येतं. वर सांगितलेला चहाचा हिशेब लक्षात असेल, तर क्षेपणास्त्र जाळण्याच्या गोष्टीला किती भाव द्यायचा हे वाचकाला कळेल.

पुण्यात पाषाणच्या आयुध संशोधन आणि विकास संस्थेतला एक प्रयोग मला जास्त मोहवतो. 1994च्या सुमारास तिथे रेलगन बनवली गेली. बंदूकच, पण दारूशिवाय. दोन समांतर रुळांमधून प्रचंड प्रवाह सोडला की त्याच्या चुंबकत्वाचा धक्का रुळांमधल्या गोळीला पुढे ढकलतो. पाच हजार व्होल्टवर 240 किलोज्यूल साठवणारा कपॅसिटरांचा संच वापरून तीन-साडेतीन ग्रॅमचा तुकडा सेकंदाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने फेकला गेला. 240 किलोज्यूल म्हणजे पाच एचपीची मोटार जेमतेम एक मिनिट चालेल एवढी ऊर्जा. त्यातलीही गोळीच्या वाट्याला साधारण 3 टक्केच आली. बाकीची रूळ, तारा आणि उष्णता यांनी वाटून घेतली. रेलगनचं स्वप्न पाहणारे अनेक देश अजून याच वाटणीशी आणि खाल्ल्या जाणाऱ्या रुळांशी झगडत आहेत.

पवईला आयआयटीच्या आवारात 'समीर' ही संस्था आहे. तिने कॅन्सरच्या किरणोपचारासाठी 'सिद्धार्थ' नावाचं देशी यंत्र बनवलं आणि ते वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसवलं गेलं. किरणोपचाराच्या यंत्रात इलेक्ट्रॉनांना पळवायला मायक्रोवेव्ह लागतात आणि त्या मायक्रोवेव्हच्या नळीला लाखो वॅटचे, पण काही मायक्रोसेकंदांचेच झटके पुरवावे लागतात. हौद भरतो, बूच उघडतं, सेकंदाला शेकडो वेळा. मांढरदेवच्या डोंगरावरचं हवामानाचं रडारही असेच आखूड झटके ढगांवर फेकतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं.

झटक्याचा एक उपद्रवही आहे. झटका जितका आखूड, तितका त्याचा रेडिओ-गोंगाट जास्त वारंवारतांवर पसरतो. जुना रेडिओ कुंपणाजवळ नेला तर ती टकटक त्यात ऐकू येते. जुन्नर तालुक्यात खोडदला तीस अजस्र ताटल्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. विश्वातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी ऐकणाऱ्या तिथल्या लोकांना आसपासच्या विजेच्या तारांवरच्या ठिणग्यासुद्धा सतावतात.

दवाखान्यात, कारखान्यात

हृदयाचे ठोके भरकटले की डॉक्टर छातीवर पॅड लावून जो झटका देतात, तो दीडशे ते दोनशे ज्यूलचा असतो आणि काही मिलिसेकंदांत संपतो. त्या पेटीतही कपॅसिटरच असतो; चार्ज होताना ऐकू येणारी चढती शीळ म्हणजे हौद भरल्याचा आवाज.

मुतखड्याची गोष्ट आणखी मजेशीर आहे. फेब्रुवारी 1980मध्ये म्युनिकला पहिल्यांदा एका रुग्णाचा खडा पोट न उघडता फोडला गेला. रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवलं. पाण्याखाली हजारो व्होल्टची ठिणगी पाडली. ठिणगीने पाण्यात जो दणका उठला, तो वाडग्यासारख्या आरशाने नेमका खड्यावर एकवटला. शरीर बहुतांश पाणीच, त्यामुळे दणका मांसातून सरळ निघून जातो आणि टणक खड्याला मात्र तडे पाडतो. आता टब गेले, ठिणगीऐवजी बहुधा चुंबकी पडदा धक्का देतो आणि बऱ्याच ठिकाणी दुर्बीण आणि लेझर वापरतात. तरी सोलापूरच्या उन्हात राबणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या कितीजणांचे खडे या विद्येने फुटले असतील!

अन्नप्रक्रियेत ही विद्या आता स्थिरावते आहे. बटाट्याला सेंटिमीटरला हजारभर व्होल्टचे, मायक्रोसेकंदांचे झटके दिले की पेशींच्या पडद्याला सूक्ष्म भोकं पडतात. बटाटा शिजत नाही, पण मऊ होतो. काप सरळ निघतात, पात्याची धार टिकते. युरोपात वेफर्सच्या कारखान्यांत हे रोज चालतं. झटका वीस-तीसपट वाढवला तर रसातले जंतू फारशा उष्णतेशिवाय मरतात. उसात याचा फायदा होईल का, असा प्रश्न कारखान्यांच्या या पट्ट्यात सहज मनात येतो. मला फारशी आशा नाही. उसाचा रस काढायला आपल्या मिल आधीच तरबेज आहेत, आणि मिळणारा शेवटचा टक्का यंत्राची किंमत भरून काढेलसं वाटत नाही. डाळिंबाचा आणि द्राक्षाचा रस मात्र ताजी चव राखून टिकवायचा असेल, तर इंदापूर-बारामतीत ही पद्धत आजमावून पाहण्यासारखी आहे.

तारेला हात लावण्याआधी

झटका मशीन जीव का घेत नाही, हा पहिल्या परिच्छेदांतला प्रश्न अजून बाकी आहे. 230 व्होल्टची घरची वीज अंगातून वाहत राहते. स्नायू आखडतात, मूठ तारेवर आवळली जाते, सोडता येत नाही आणि तेवढ्या वेळात हृदयाचा ताल बिघडतो. 'विजेने धरून ठेवलं' असं आपण म्हणतो ते अक्षरशः खरं. झटका मशीनचा दाब चाळीसपट असला तरी तो मिलिसेकंदाच्या अंशात संपतो आणि पुढचा यायला एक सेकंद असतो. तेवढ्यात हात किंवा नाक सुटतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका झटक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या आत आणि दोन झटक्यांमधलं अंतर किमान एक सेकंद असावं लागतं. ही दोन बंधनं म्हणजेच सुरक्षितता.

म्हणून घरातल्या किंवा मोटारीच्या लाईनची वायर थेट कुंपणाला जोडणं म्हणजे झटका मशीनची स्वस्त आवृत्ती नव्हे. तो सापळा आहे. डुकरासाठी लावलेल्या अशा तारेने दरवर्षी माणसं मरतात, बहुतेक वेळा लावणाऱ्याच्या घरातली किंवा शेजारच्या बांधावरची. तो सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही ठरू शकतो. कडबनवाडीच्या माळावरची चिंकारा रात्री उसाकडे उतरतात, हेही ध्यानात असू द्या.

मशीन घेताना मानकाचा शिक्का पाहून घ्या. काटेरी तारेत झटका सोडू नका. अडकलेलं जनावर किंवा मूल सुटणार नाही आणि झटके खात राहील. मशीन चालूनही डुकरं येत असतील, तर दोष बहुधा मशीनमध्ये नसतो. गवत तारेला टेकून झटका जमिनीत गळत असतो, किंवा उन्हाळ्यात अर्थिंगच्या गजाभोवतीची माती कोरडी ठणठणीत झालेली असते. गवत कापा, गजाच्या बुडाशी आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. डबा उघडण्याची वेळ आलीच तर बॅटरी काढल्यावरही कपॅसिटर भरलेला असतो. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी लांब दांड्याची अर्थ केलेली काठी दाराशी टांगलेली असते आणि ती टेकवल्याशिवाय कोणी आत पाऊल ठेवत नाही. तुमच्याकडे ती काठी नाही, तेव्हा डबा दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

आणि वाटेच्या बाजूला, तारेवर दिसेल अशी पिवळी पाटी लावा. अंधारात बांधावरून येणाऱ्याला टकटक ऐकू येईलच असं नाही.